शंकू, चिती, सूची ओळखायची कशी? आधी पट्टी लावा, मग मोजा

पोरांना घन आकारांची नावं पाठ असतात, पण तोच उभा डबा आडवा पाडून दाखवला की गाडी अडते, कारण लक्षात राहिलेलं असतं चित्र. म्हणून पुस्तक बाजूला ठेवा आणि घरातल्या खऱ्या वस्तू मांडा: काडेपेटी, सापशिडीचा फासा, चेंडू, गोल डबा, पाण्याचा ग्लास, नाणी.

पहिल्यांदा ठरवायचं की पृष्ठ सपाट आहे का वक्र. नुसतं बघून नाही, पट्टीची कड टेकवून आणि ती सगळ्या दिशांना फिरवून. कुठेच फट दिसली नाही तर सपाट. डब्याच्या अंगावर पट्टी उभी धरली तर मस्त चिकटून बसते आणि आडवी केली की दोन्ही बाजूंनी उजेड दिसतो, म्हणजे वक्र. बरीच पोरं एकाच दिशेला बघून सपाट म्हणून मोकळी होतात, तिथे थांबवा त्यांना. चेंडूवर कशीही धरा, एकाच ठिकाणी टेकणार.

आता मोजा, वक्र आधी आणि सपाट नंतर. चेंडूला वक्र 1, सपाट शून्य, तो गोल. (अंड्यालाही तेवढंच, पण गोल कुठूनही बघितला तरी वर्तुळच दिसतो, अंडं तसं दिसत नाही.) फासा आणि काडेपेटी दोघांना सपाट 6, सगळे चौरस असतील तर घन, नाहीतर इष्टिकाचिती. फाशाचे कोपरे घासलेले असतात ते सोडून द्या.

खरी गंमत आकडे सारखे आले की सुरू होते, आणि मला वाटतं शिकवताना सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. शंकू आणि अर्धगोल, दोघांनाही 1 सपाट 1 वक्र, मग टोक शोधा, टोक आहे तो शंकू. डबा आणि वर रुंद खाली निमुळता ग्लास, दोघांनाही 2 सपाट 1 वक्र (ग्लासचं तोंड झाकलंय असं धरा), तेव्हा दोन्ही वर्तुळं कागदावर गिरवून बघा, सारखी आली तर वृत्तचिती, लहानमोठी आली तर शंकूछेद. किंवा जमिनीवर घरंगळत सोडा, डबा सरळ जातो आणि ग्लास वळत वळत जातो, हे पोरांना फार आवडतं. तिसरी जोडी त्रिकोणी चिती (दोन्ही टोकांना सारखे त्रिकोण) आणि चौरस तळाची सूची (वर एका टोकाला निमुळती होणारी), दोघांना सपाट 5, पण चितीत त्रिकोण 2 आणि आयत 3, सूचीत त्रिकोण 4 आणि चौरस 1.

नाण्याला पोरं वर्तुळ म्हणतात, पण त्याला जाडी आहे, म्हणजे गोल नाणं ही बुटकी वृत्तचितीच. आणि 20 रुपयांचं नाणं हातात द्या, त्याला 12 बाजू आहेत, म्हणजे नक्षी सोडली तर वक्र पृष्ठ एकही नाही, वर-खाली 2 आणि कडेची 12 अशी 14 सपाट पृष्ठं, ही झाली चिती. सगळी पृष्ठं सपाट असलेल्या अशा आकारांचं मोजणं ऑयलरच्या सूत्राने तपासता येतं, पृष्ठं अधिक शिरोबिंदू (म्हणजे कोपरे) बरोबर कडा अधिक 2. नाण्याचे शिरोबिंदू 24, कडा 36. 14 + 24 = 38, आणि 36 + 2 पण 38.