‘चीप’ लिहिताना या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले एक टॉवेल कारखानदार परवा परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेलं इंग्रजी पत्रक घेऊन आले. पहिलीच ओळ, ‘वुई मेक चीप टॉवेल्स’. मी चीपभोवती पेन्सिलीनं गोल केला, तर म्हणाले, “स्वस्तच हाय की ओ माल! खोटं काय लिवलंय?”

खोटं काहीच नव्हतं. पण चीपमध्ये स्वस्त आणि हलका हे दोन्ही अर्थ नांदतात. घेणारा म्हणाला तर स्वस्त. विकणाऱ्यानं आपल्याच मालाला लावला, की वाचणाऱ्याला पहिल्या धुण्यात जाणारा रंग दिसतो. तिथं ‘अफोर्डेबल’ किंवा ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ लिहावं.

खाली ‘चीप प्राइस’ होतं. वस्तू चीप, किंमत ‘लो’. आपण ‘भाव स्वस्त’ म्हणतो, त्याचीच ही सावली. बोलताना खपून जातं, छापू नका.

माणसाला लावताना तर जास्तच जपा. आपल्याकडे ‘किती चीप आहे तो’ म्हणजे थिल्लर. अमेरिकेत त्याचा पहिला अर्थ चिक्कू, चहाचं बिल आलं की खिसे चाचपणारा.

आणखी एक चूक मला फार खटकते. कांद्याचा भाव पडला की ‘मातीमोल’चं इंग्रजी ‘डर्ट चीप’ करतात. माती दोन्हीकडे आहे, पण डर्ट चीपमध्ये घेणाऱ्याची चंगळ असते, मातीमोलमध्ये विकणाऱ्याचं दुखणं. शेतकऱ्याच्या बाजूनं लिहायचं तर ‘फॉर अ पिटन्स’, म्हणजे अगदी क्षुल्लक पैशांत, हे बरं.

मुळात या शब्दात हलकेपणा नव्हताच. जुन्या इंग्रजीत ते नाम होतं, अर्थ व्यापार, सौदा. त्यामागे लॅटिन ‘काउपो’, म्हणजे किरकोळ दुकानदार. चांगल्या सौद्याला ‘गुड चीप’ म्हणत. १६व्या शतकात त्यातलं ‘गुड’ गळालं, उरलेलं चीप विशेषण झालं आणि कमी दर्जाचा अर्थ मागून चिकटला. जर्मन ‘काउफेन’, म्हणजे विकत घेणं, याच घराण्यातलं. कोपनहेगन म्हणजे व्यापाऱ्यांचं बंदर. त्यातलं ‘कोपन’ही इथलंच. लंडनचं चीपसाइड ही स्वस्त वस्ती नव्हे, जुनी बाजारपेठ. आपल्याकडे चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी, तेव्हा चीपसाइडला मराठीत आणायचंच तर सोलापूरच्या चाटी गल्लीच्या शेजारी बसवावं लागेल.

पत्रक दुरुस्त झालं. ‘चीप अँड बेस्ट’ मात्र मालक सोडेनात. “दुकानाच्या पाटीवर तरी ऱ्हाऊ द्या की ओ!”

पाटीवर राहू दिलं. सोलापुरात त्याचा अर्थ ‘स्वस्त आणि मस्त’ एवढाच होतो.