नवतपात दिवसभर लोळायचं कसं

२५ मेच्या आसपास नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला की नागपुरात पारा ४५ च्या घरात, अशात सुट्टीच्या दिवशी दुपारभर पलंगावर पडून राहिलं तर त्यात लाजायचं काय, पण लोळायचं तर नीट लोळा नं.

पहिले कूलर. समोरची खिडकी नाहीतर दार थोडं उघडं पाहिजेच, खोली बंद ठेवली की दमटपणा साचतो, मग गार काही होत नाही, नुसती चिकचिक अन् चादर पाठीला चिकटते. टाकी सकाळीच भरून घ्या, पंप कोरडा चालला की जळतो, अन् आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करा कारण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

उशाशी माठातल्या पाण्याचा तांब्या ठेवा. तर्री पोहे हाणून लगेच आडवं नका होऊ बे, छातीत जळजळते, पडायचंच तर डाव्या कुशीवर. झोप आली तर २०-३० मिनिटांचा अलार्म लावून मोबाईल हात पुरणार नाही असा ठेवा (रील पाहत पडणं म्हणजे आराम नाही, डोळ्यांची हमाली आहे), अन् ३ च्या आतच झोपा, नाहीतर रात्री छत मोजत बसाल. तासातासाला उठून एक चक्कर, पाय आखडतात.

आई ओरडली तर "ऊन उतरू दे नं, मग करतो".

पण दोन आठवडे रोजच उठावंसं वाटत नसेल, आंघोळ-जेवणही नको वाटत असेल तर तो आराम नव्हे, १४४१६ वर टेलि-मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) फोन लावा, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.