शिडाच्या जहाजाचा शोध : मुंबईची गाडी पकडण्याआधीची तयारी

नांदेड, परभणी किंवा जालन्याहून जुन्या शिडाच्या जहाजाच्या नोंदी शोधायला मुंबईच्या पुराभिलेखागारात जायचे म्हणजे देवगिरी एक्सप्रेसमधली एक रात्र, राहण्याचा खर्च आणि हाताशी जेमतेम दोन-तीन दिवस. म्हणून निम्म्याहून अधिक काम घरीच उरकलेले असावे.

सर्वप्रथम जहाजाची ओळख पक्की करावी आणि ती नुसत्या नावावर सोडू नये. एकाच काळात एकाच नावाची अनेक जहाजे सापडतात आणि नावे बदलतातही. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानात बांधलेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ विसाव्या शतकात बराच काळ ‘फूद्रॉयां’ या नावाने वावरले. वहीच्या पहिल्याच पानावर नाव, कप्तान, टनभार (जहाजाची टनांत मोजलेली क्षमता), बांधणीचे ठिकाण, वर्ष आणि मालक लिहून ठेवावेत आणि यांपैकी किमान तीन बाबी जुळल्याशिवाय कोणतीही नोंद आपली मानू नये. कप्तानाचे नाव न पडताळता मी एकदा सबंध दोन दिवस दुसऱ्याच जहाजाच्या नोंदी उतरवून घेतल्या होत्या. ते दिवस परत मिळाले नाहीत. टनभार मात्र सांभाळून जुळवावा, कारण तो मोजण्याची ब्रिटिश पद्धत १८३६ मध्ये आणि पुन्हा १८५४ च्या कायद्याने बदलली, त्यामुळे एकाच जहाजाचे दोन आकडे दिसू शकतात. याच कायद्यानुसार ब्रिटिश व्यापारी जहाजांना मिळू लागलेला अधिकृत क्रमांक नाव किंवा मालक बदलला तरी कायम राहतो. तो मिळाला की पुढचा शोध सोपा होतो.

व्यापारी जहाज असेल तर लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या छापील यादीचे जुने खंड घरबसल्या पाहावेत. १७६४ पासूनची ही परंपरा असून कित्येक खंड इंटरनेटवर मोफत आहेत. त्यांतली ओळ आखूड अक्षरांत असते, म्हणून खुणांची किल्ली आधी पाठ करावी : ‘एस’ म्हणजे तीन डोलकाठ्यांचे पूर्ण शिडाचे जहाज, ‘बीजी’ म्हणजे दोन डोलकाठ्यांचे ब्रिग, आणि ‘ए १’ मधले अक्षर सांगाड्याची, तर आकडा नांगर-दोरखंडादी सामग्रीची प्रत दाखवतो.

जहाजाची रोजनिशी, म्हणजे प्रवासातली रोजची नोंदवही, वाचताना तारखेचा घोळ ठाऊक हवा. जुना सागरी दिवस दुपारी बाराला सुरू होई, त्यामुळे पानावर दुपार आधी आणि सकाळ नंतर येते. रोजनिशीतल्या १२ तारखेची दुपार म्हणजे आपल्या हिशेबाने ११ तारखेची दुपार. ब्रिटिश आरमाराने १८०५ मध्ये ही रीत सोडली, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर ती पुढेही काही काळ चालली. कंपनीच्या रोजनिशा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. प्रतींची चौकशी निघण्याच्या बरीच आधी करावी.

गलबत आंगऱ्यांच्या किंवा पेशव्यांच्या आरमारातले असेल, तर मुंबईऐवजी पुण्याचे पेशवे दफ्तर गाठावे आणि तत्पूर्वी मोडी वाचनाचा सराव करावा. आजोबांच्या जमिनीच्या कागदांवर फसली सन पाहिलेल्या आपल्या भागातल्या माणसाला मोडी पत्रातला सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना) फार परका वाटणार नाही; त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष मृगाच्या सुमारास बदलते हे ध्यानात ठेवावे.

पिशवीत ओळखपत्र, विद्यापीठाच्या इतिहास विभागाचे किंवा मार्गदर्शकाचे शिफारसपत्र आणि तीन-चार शिसपेन्सिली असाव्यात, कारण शाईचे पेन बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. वहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर विभाग, खंड क्रमांक, वर्ष आणि पृष्ठ यांचे रकाने गाडीतच आखून घ्यावेत.