शाळा जोडायच्या असतील तर आधी शिक्षण परिषदेत जाऊन बसा

बीड जिल्ह्यात धारूर-वडवणीच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात, जिल्हा परिषदेच्या पाच शाळा आम्ही वायरलेसने एकमेकींना जोडल्या आहेत. ते इंटरनेट नाही. गावांचं आपलं नेटवर्क आहे आणि बाहेरची रेंज गेली तरी ते चालतं. बीसीएस, बीसीए किंवा आयटीआय केलेली आपल्याकडची मुलं फोन करून विचारतात, "या कामात यायचंय, काय शिकू?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

यंत्रांचा भाग आधी सांगतो, कारण तो लवकर शिकता येतो. ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींचा मोठा पट्टा आपल्याकडे २०१८ मध्ये विनापरवाना खुला झाला, म्हणून दोन उंच जागांवर समोरासमोर डिश बसवून गावं जोडता येतात. सर्व्हर म्हणून, म्हणजे सगळं साठवून बाकीच्यांना पुरवायला, आम्ही रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर वापरतो. त्यावर कोलिब्री आणि किविक्स ही सॉफ्टवेअरं टाकली आहेत; दोन्ही फुकट आहेत आणि इंटरनेटशिवाय चालतात. मराठी विकिपीडिया आणि शाळेला लागणारे धडे त्यात मावतात. लाईट अचानक गेली की पायचं मेमरी कार्ड बिघडतं, त्यामुळे त्याला छोटी बॅटरी लावाच. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाका, आयपी ॲड्रेस आणि राउटिंग नीट समजून घ्या. मन लावून केलंत तर चार-सहा महिन्यांत जमेल.

पण पुस्तकात न मिळणारी एक गोष्ट सांगतो. आमची पहिली जोडणी फेब्रुवारीतली. एक डिश गावच्या पाण्याच्या टाकीवर, दुसरी जवळपास तीन किलोमीटरवर तांड्यावरच्या शाळेच्या गच्चीवर. मी टाकीवर डिश केसभर सरकवायचो आणि पलीकडून मित्र फोनवर सिग्नलचा आकडा सांगायचा; तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ८१, उणे ७४, उणे ६८. उणे ६१ ला नट आवळले. महिनाभर सगळं चोख चाललं आणि पाडव्याच्या सुमारास जोडणी तुटायला लागली. केबल बदलली, डिश पुन्हा लावली, तीन फेऱ्या वाया गेल्या. शेवटी तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी मधल्या झाडाकडे बोट दाखवलं. "लिंबाला पालवी फुटली ना सर." आम्ही पाहणी केली तेव्हा लिंबाची पानं झडलेली होती. हिरव्या पानांतलं पाणी या लहरी शोषून घेतं. झाड तोडायचा प्रश्नच नव्हता, दोन मीटर उंच पाईप बसवला. तेव्हापासून माझा नियम असा की पानगळीत पाहणी केली तर प्रत्येक झाडाला मनातल्या मनात पानं लावून बघायची.

आता खरी चूक. पहिलं वर्षभर आम्ही त्या सर्व्हरवर व्हिडिओ भरत राहिलो. ते वापरले जात नव्हते. दिवाळीनंतर तर वापराचा आकडा पार खाली आला, कारण अर्धी लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला फडावर गेली होती आणि उरलेली हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे होती. शाळेला नेमकं काय अडतंय हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

ते कळलं केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक तिथे एकत्र येतात. मागच्या बाकावर बसायला परवानगी घ्या आणि दोन-तीन परिषदा तोंड बंद ठेवून ऐका. तिथे तांड्यावरच्या एका बाई म्हणाल्या, "आईचं चित्र दाखवलं की पहिलीची लेकरं 'याडी' म्हणतात. मी फळ्यावर 'आई' लिहिते आणि ती गप्प होतात." बंजारा लेकरांची घरची बोली गोरमाटी, पुस्तक मराठीत. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असं सांगतं. पण तांड्यावर पहिलीच्या वर्गात गोरमाटीतलं ऐकायला द्यायचं तर ते आणायचं कुठून?

आम्ही तांड्यावरच आणलं. एका आजींनी चुलीपुढे बसून बाटी कशी थापायची ते गोरमाटीत सांगितलं, बाईंनी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. मागे पिठावर पडणाऱ्या हाताचा आवाज ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी वर्गात ते लावलं आणि एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी आजींच्या आधीच पुढचं वाक्य म्हणून मोकळी झाली. त्याच आठवड्यात डोंगरापलीकडच्या शाळेतल्या सरांनी नेटवर्कवरून ते घेतलं, त्यावर गोरमाटी-मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या आणि परत टाकल्या. ते सर द्विशिक्षकी शाळेत आहेत. चार वर्ग दोघांत, आणि अडलं तर विचारायला शेजारी कुणी नाही. त्यांच्यासाठी नेटवर्क म्हणजे विचारायला मिळालेला शेजार.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १९८८ मध्ये फ्रँक ओडाझ यांनी बिग स्काय टेलिग्राफ सुरू केलं होतं. डिलन गावच्या कॉलेजातून त्यांनी दुर्गम भागातल्या एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळा मोडेमवर जोडल्या. ते वाचताना मला आमचेच सर दिसले. तिथेही मोल होतं एकट्या पडलेल्या शिक्षकांनी एकमेकांशी बोलण्याला.

हे सगळं कुणाच्या ताब्यात राहणार ते आधी ठरवा. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांच्या बैठकीत ठराव घ्या. आमच्या पहिल्या बैठकीत एका बापाने विचारलं, "सर, हे उद्या बंद पडलं तर तुम्ही परभणीहून येणार का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज सर्व्हरच्या खोलीची किल्ली अंगणवाडीताईंकडे असते. त्या फडावर जात नाहीत, आणि चालू-बंद करणं, बॅटरी बघणं त्यांना येतं. लेकरांचे आवाज, नावं, फोटो गावाच्या सर्व्हरबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, हेही त्याच ठरावात आहे.

पगाराचं खरं सांगतो. पहिली दोन वर्षं बेताचीच जातात. घरी तसं सांगूनच या.

फडावर जाणाऱ्या लेकराला शिक्षण हमी कार्ड मिळतं, म्हणजे तिकडच्या शाळेला त्याची पातळी कळते. गेल्या दसऱ्याआधी सातवीच्या मुलींनी त्या कार्डासोबत द्यायला मेमरी कार्डं भरली. आजींची बाटी, गोष्टी, पाढे, सगळं आईबापाच्या साध्या मोबाईलवर वाजेल असं. कुणाला हे काम हातात घेऊन शिकायचं असेल तर सप्टेंबरात या, तेव्हा माणसं कमी पडतात.