खरिपाचा माल निघण्याआधी पिकअपचे टायर बघून घ्या

सोयाबीन घरात आलं, कापसाची पहिली वेचणी तोंडावर आहे आणि वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडकडे आंबिया बहाराचा संत्रा तोडणीला आलाय. आता पुढचे चार-पाच महिने गावातली प्रत्येक पिकअप भरलेलीच दिसेल. हेच टायर पावसाळाभर पांधणीच्या चिखलात आणि उघड्या पडलेल्या गिट्टीवर फिरलेत. ते तपासायचे तर आत्ताच, गाडी रिकामी आणि धुतलेली असताना. धुतलेली यासाठी की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला वाळून घट्ट बसते. मग ६०-७० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंगचे पैसे देऊन येतो. आधी रिम आतून पाण्याच्या प्रेशरने धुवा. थरथर त्यानंतरही राहिली तरच बॅलन्सिंग करा.

टायर किती किलोमीटर चालला, यावरून तो बदलायचा की नाही हे ठरत नाही. तो कुठे आणि कसा घासलाय ते बघायचं. एकाच कंपनीचा, एकाच मापाचा टायर एका गाडीवर दुसरीच्या दुप्पट चालतो, आणि फरक असतो तो हवेचा, वजनाचा आणि पुढच्या चाकांच्या ढिलाईचा. हा दोष न काढता नवीन जोड टाकला तर तोही त्याच वाटेने जातो.

झीज काय सांगते

दोन्ही कडा घासलेल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल तर हवा कायम कमी राहिलीय. मधला पट्टा गुळगुळीत आणि कडा चांगल्या असतील तर हवा जास्त राहिलीय. रिकाम्या गाडीत मागच्या चाकांना भरल्या गाडीची हवा ठेवून महिनोन्‌महिने फिरणाऱ्यांच्या गाडीत हे हमखास दिसतं.

पुढचा टायर एकाच बाजूने खाल्ला असेल तर लगेच अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवायला) पळू नका. आधी ते चाक जॅकवर उचला. वर-खाली दोन हातांनी धरून हलवा. ठकठक लागली तर बेअरिंग सैल आहे किंवा बॉल जॉइंट, किंग पिन (चाक ज्यावर वळतं ते सांधे) गेलेत. मग डावी-उजवीकडे धरून हलवा. तिथे खेळ सापडला तर बहुधा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) गेलाय. हे सुटे भाग बदलल्याशिवाय केलेलं अलाइनमेंट आठ दिवसही टिकत नाही, आणि दुकानदार ते स्वतःहून सांगेलच असं नाही.

तळहात नक्षीवरून एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (पुढची चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय. टायरभर थोड्याथोड्या अंतरावर खळगे पडले असतील तर शॉकअप तपासा. तेल गळून तो ओला दिसत असेल तर तो गेलाच समजा. मागचा टायर एकाच बाजूने घासणं मात्र साधं नाही. बहुतेक पिकअपला मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे (लोखंडी पानांच्या स्प्रिंगा) असतात, तिथे अलाइनमेंटचा फारसा संबंध येत नाही. पाट्याचं पान तुटलंय का, यू-बोल्ट ढिले आहेत का, सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकलाय का, ते बघा. गाडी सरळ रस्त्यावर मागून पाहिली की तिरकी चाललेली दिसते.

किती झीज चालते? नक्षीच्या खाचांमध्ये जागोजागी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिमी उरली. ती कायद्याची शेवटची हद्द आहे. तिथपर्यंत थांबू नका. ओल्या डांबरी रस्त्यावर आणि पांधणीत भरल्या गाडीला ३ मिमीच्या खाली पुरेशी पकड राहत नाही. आमचं मत विचाराल तर हंगामाच्या सुरुवातीला ३ मिमीवर आलेला टायर मागे ठेवूच नये. तो डिसेंबरात मध्येच बदलावा लागेल, आणि तेव्हा तुमच्याकडे ना वेळ असेल ना हातात रोख.

नक्षी भरपूर असली तरी तीन गोष्टींत टायर बाद धरा: बाजूला आलेला फुगा, तारा किंवा दोरे दिसतील इतका चिरा, आणि बाजूच्या रबराला पडलेल्या बारीक भेगांचं जाळं. फुगा म्हणजे खड्ड्याच्या कडेवर किंवा गिट्टीवर आदळून आतले धागे तुटलेत. तो कधी फुटेल याचा भरवसा नाही, आणि त्यावर कुठलाही पॅच चालत नाही.

हवा

सगळ्यात जास्त टायर इथेच मरतात. कारसारखी चारही चाकांत ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मारायची सवय पिकअपला घातक आहे. भरल्या गाडीत मागच्या चाकांना पुढच्यापेक्षा बरीच जास्त हवा लागते. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. पुढची-मागची आणि रिकामी-भरलेली असे तो वेगवेगळा सांगतो. टायरच्या बाजूवर छापलेला पीएसआयचा आकडा ही कमाल मर्यादा आहे. तो रोज भरायचा आकडा नव्हे.

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते-सरळ होते, त्यातून आत उष्णता साठते आणि थर एकमेकांपासून सुटतात. टायर फुटतो दुपारी, रस्ता तापला म्हणून फुटला असं सगळे म्हणतात. मूळ कारण बहुतेक वेळा सकाळी न पाहिलेली हवा असते. समृद्धी महामार्गावर हे जास्त जाणवतं, कारण तिथे गाडी तासन्‌तास एकाच वेगात, न थांबता जाते आणि टायरला गार व्हायला उसंत मिळत नाही. तिथे मालवाहू गाड्यांना ताशी ८० किमीची मर्यादा आहे, ती टायरसाठीही पाळा.

हवा नेहमी गार टायरमध्ये मोजा, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चालवून. तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका. गार झाल्यावर तोच टायर कमी हवेवर येईल. थंडीचा हिशोबही ठेवा. ३० अंशाला ६५ पीएसआय भरलेला टायर पहाटे १० अंशाला साधारण ६० दाखवतो, कुठेही गळती नसताना. दिवाळीला भरलेल्या हवेवर नाताळपर्यंत गाडी चालवणाऱ्यांच्या टायरच्या कडा जातात त्या अशा. घड्याळी गेज स्वतःचा घ्या आणि दर आठवड्याला बघा. व्हॉल्व्हवर टोपी असू द्या. ती नसली की पांधणीची धूळ पिनेत जाऊन हवा झिरपते. युरिया-डीएपीची वाहतूक करणाऱ्या गाडीत रिमची कड गंजते आणि तिथूनही बारीक गळती लागते. त्या जागी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

नायट्रोजनवर पैसे घालवायची गरज नाही. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

वजन

टायरच्या बाजूवर मापापुढे भाराचा एक आकडा असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, ११० म्हणजे १०६०, ११२ म्हणजे ११२०. मागे दोन टायर १०४ चे असतील तर मागच्या अ‍ॅक्सलवर १८०० किलोच्या वर जायला नको, आणि त्यात गाडीचं स्वतःचं मागचं वजनही धरलेलं आहे. माल भरून एकदा काट्यावर फक्त मागची चाकं चढवून बघा, बऱ्याच जणांचे डोळे उघडतात. भरलेला संत्र्याचा क्रेट २० किलोच्या आसपास धरला तर ८० क्रेट म्हणजे १६ क्विंटल. १३ क्विंटल क्षमतेच्या गाडीत ते ३ क्विंटल जास्त झाले. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे.

कापसाचं गणित वेगळं. तुडवून, जाळी लावून, हूडच्या वर भरलेला कापूस वजनाला कमी असतो, पण वळणावर सगळा भार बाहेरच्या टायरवर येतो. त्यातून मागच्या टायरची बाहेरची कड जाते. जिनिंगच्या रांगेत भरलेली गाडी एक-दोन रात्री एकाच जागी उभी राहिली की टायर खालून चपटा होतो, नायलॉनचा (आत दोरे असलेला) जास्त. सुटल्यावर पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते. ते तापून पूर्ववत होईपर्यंत सावकाश न्या. रांगेत उभं राहण्याआधी हवा पूर्ण असेल तर हा त्रास कमी होतो.

वावरातले खुंट

सोयाबीन विळ्याने तिरकं कापलं की वाळलेलं खुंट खिळ्यासारखं उभं राहतं. तुरीचं आणि पऱ्हाटीचं तर त्याहून टणक, बाजूच्या पातळ रबरात आरपार जातं. बाभळीचे काटे वेगळेच. उपाय जुनाच आहे: गाडी धुऱ्यावर उभी करा आणि माल बंडीने किंवा डोक्यावर तिथपर्यंत आणा. आत न्यायचीच वेळ आली तर तासाला धरून, दोन ओळींच्या मधून चालवा, आडवी कापू नका. जागेवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवूही नका. तिथेच खुंट टायरच्या बाजूला घुसतं.

नक्षीच्या भागात ६ मिमीपर्यंतचं छिद्र असेल तर पंक्चर काढून चालतं. गाडीखाली बसून नुसती दोरी ठोकण्यापेक्षा टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छिद्रात दांडी आणि आत टोपीसारखं ठिगळ) लावलेला बरा. खांद्यावर किंवा बाजूला पंक्चर असेल तर टायर गेला. ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकणं ही घरी पोहोचेपर्यंतची सोय आहे. त्यावर माल वाहू नका, आत घासून उष्णता वाढते. गिट्टीचा खडा खाचेत अडकला असेल तर आठवड्याला पेचकसाने काढत जा. नाहीतर तो हळूहळू आत जाऊन तारांपर्यंत पोहोचतो आणि तिथून गंज धरतो.

नवीन घेताना

बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. सहा महिन्यांहून जुना माल असेल तर दुसरा मागा किंवा भाव उतरवा. पाच-सहा वर्षांचा टायर नक्षी असूनही भरल्या गाडीला वापरू नका, रबर कडक झालेलं असतं. माप आणि भाराचा आकडा मूळचाच ठेवा, त्याहून कमी भाराचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. एका अ‍ॅक्सलवर एक रेडियल (आत तारांचा पट्टा असलेला) आणि एक नायलॉन कधीच नको. दोनच घ्यायचे असतील तर नवीन जोड मागे टाका आणि मागचे चांगले पुढे आणा. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर) पुढे अजिबात नाही. टायरबरोबर व्हॉल्व्हही नवा घाला, त्याची किंमत चहा-नाश्त्याएवढी असते.

नट एकापुढे एक न आवळता समोरासमोर आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. हे राहिलं की नट सैल होऊन स्टड (नट ज्यावर बसतात ते बोल्ट) तुटतात. त्यानंतर दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे.

स्टेपनीचं शेवटी बोलतो, कारण ती सगळे शेवटीच बघतात. गाडीखाली साखळीवर लटकून चिखलात राहते, साखळी गंजते, आणि लागेल तेव्हा खाली उतरतच नाही. आत्ता एकदा उतरवून ग्रीस लावा. हवा मागच्या चाकापेक्षा ५ पीएसआय जास्त ठेवा, टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. जॅकखाली ठेवायला एक फूट चौरस जाड फळी गाडीत असू द्या, काळ्या मातीत फळीशिवाय जॅक स्वतःच खाली जातो. नट गाडी उचलण्याआधी सैल करा, तिरक्या समोरच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा, आणि जॅकवर असलेल्या गाडीखाली हात घालू नका.

बदललेले जुने टायर अंगणात उघडे ठेवू नका. त्यात पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. गोठ्याच्या कुडाला लावायचे असतील तर खालच्या बाजूने भोकं पाडून घ्या.