ब्रिटनमधील मोटरवेवर कोणते वाहन, कोणता चालक? या चुका टाळा

ब्रिटनमध्ये नव्याने राहायला आलेल्या आपल्या मंडळींकडून मोटरवेच्या (ठरावीक वाहनांसाठीच राखीव असलेल्या द्रुतगती महामार्गाच्या) बाबतीत होणाऱ्या सर्वांत महागड्या चुका वेगाच्या किंवा लेन बदलण्याच्या नसतात. त्या रस्त्यावर आपले वाहन आणि आपण स्वतः असायला परवानगी आहे का, हा प्रश्नच कोणी विचारलेला नसतो. वर्षानुवर्षे शिस्तीने गाडी चालवलेला माणूसही येथे फसतो, आणि फसल्याचे त्याला पोलिसांनी थांबवल्यावर किंवा विम्याचा दावा नाकारला गेल्यावर कळते.

सर्वसाधारण रस्ता सगळ्यांचा असतो. मोटरवे तसा नाही. १९४९ च्या स्पेशल रोड्स ॲक्टने ठरावीक वर्गांतील वाहनांपुरतेच राखीव रस्ते बांधण्याची सोय झाली आणि ५ डिसेंबर १९५८ रोजी प्रेस्टन बायपास हा देशातील पहिला मोटरवे खुला झाला. तो आता एम-६ चा भाग आहे. पादचारी, सायकलस्वार, घोडेस्वार, ५० सीसीपेक्षा कमी क्षमतेच्या मोटरसायकली, शेतीची वाहने, विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअर आणि मोबिलिटी स्कूटर यांना मोटरवेवर बंदी आहे. काही संथ वाहने आणि अवाढव्य माल वाहून नेणारी वाहने विशेष परवानगीशिवाय येथे येऊ शकत नाहीत. ही झाली वाहनांची बाब. चालकाची पात्रता हा याहून वेगळा प्रश्न आहे आणि बहुतेक चुका तेथेच होतात.

रस्त्याच्या रूपावरून अंदाज बांधू नका

दुभाजक असलेला, दोन्ही बाजूंना दोन-तीन लेन असलेला आणि ताशी ७० मैलांची मर्यादा असलेला रस्ता दिसला की तो मोटरवेच असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात 'ए' वर्गातले अनेक रस्ते हुबेहूब असेच दिसतात, आणि वेगळी बंदी दर्शवणारा फलक नसेल तर त्यांवर शिकाऊ चालक व सायकलस्वार कायदेशीररीत्या जाऊ शकतात. उलट ए-१ (एम) सारख्या नावात सुरुवातीला 'ए' असला, तरी कंसातील 'एम' त्या टप्प्याला मोटरवेचे सगळे नियम लागू करतो. त्यामुळे भरवसा ठेवायचा तो फलकावर: निळी पार्श्वभूमी आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात, दोन पट्ट्यांच्या रस्त्यावरून आडवा गेलेला पूल. हा फलक स्लिप रोडच्या (मोटरवेवर चढण्या-उतरण्याच्या जोडरस्त्याच्या) तोंडाशी, म्हणजे राउंडअबाउटवरून वळल्यावर लगेचच असतो. 'पुढे मुख्य मार्गाला लागेपर्यंत विचार करू' असे म्हणणारा चालक तो ओलांडतो तेव्हाच मोटरवेवर आलेला असतो, कारण स्लिप रोडही मोटरवेचाच भाग आहे.

लंडनभोवतीच्या एम-२५ चे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. नकाशात ते पूर्ण वर्तुळ वाटते, पण डार्टफर्ड येथे थेम्स ओलांडणारा तुकडा मोटरवे नसून त्याचा क्रमांक ए-२८२ आहे. ज्या वाहनांना मोटरवे वर्ज्य आहे त्यांनाही नदी ओलांडता यावी, म्हणून तो वेगळा ठेवलेला आहे. रस्त्याचे डांबर तेच आणि रहदारीही तीच, पण नियम बदललेले.

ज्यांना मोटरवे वर्ज्य आहे त्यांनी निघण्यापूर्वीच सॅट-नॅव्हमध्ये मोटरवे टाळण्याचा पर्याय निवडावा. टोल टाळण्याचा पर्याय वेगळा असतो. तो निवडून काम झाले असे समजणारे पुष्कळ जण थेट मोटरवेवर पोहोचतात.

भारतीय परवान्याचे बारा महिने

या लेखातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. भारतातला वैध परवाना असलेली व्यक्ती ब्रिटनची रहिवासी झाल्यापासून १२ महिने त्या परवान्यावर कार चालवू शकते, आणि या काळात तिला मोटरवेही खुला असतो. भारतीय परवाना देऊन ब्रिटिश परवाना घेण्याची अदलाबदलीची सोय मात्र नाही. त्यामुळे प्रोव्हिजनल लायसन्स (शिकाऊ परवाना) काढून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. बारा महिने संपले आणि परीक्षा उत्तीर्ण झालेली नसली, की पंधरा वर्षे गाडी चालवलेला माणूसही कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ ठरतो.

येथे दोन परस्परविरुद्ध गैरसमज आढळतात. काही जणांना वाटते की प्रोव्हिजनल लायसन्स हाती आल्याक्षणी आपण शिकाऊ झालो आणि मोटरवे बंद झाला. तसे नाही. बारा महिन्यांच्या सवलतीच्या काळात प्रोव्हिजनल काढले म्हणून एल-प्लेट लावण्याचे, सोबत कुणाला बसवण्याचे किंवा मोटरवे टाळण्याचे बंधन येत नाही. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. माझ्या परिचयातले एक गृहस्थ प्रोव्हिजनल लायसन्सच्या तारखेपासून वर्ष मोजत होते. ते कुटुंबासह राहायला आले जानेवारीत आणि लायसन्स आले जूनमध्ये. त्यामुळे पुढच्या वर्षी जानेवारीनंतरचे पाच महिने ते दर आठवड्याला मोटरवेने कामावर जात होते, तेही ज्या परवान्याची सवलत केव्हाच संपली होती त्याच्या जोरावर. सुदैवाने अपघात झाला नाही. परीक्षेची तारीख घेताना सहज बोलणे निघाले आणि चूक लक्षात आली, तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. परवान्यातील अटींबाहेर जाऊन गाडी चालवल्यास दंडासोबत ३ ते ६ पेनल्टी पॉइंट (परवान्यावर नोंदले जाणारे दंडगुण) लागू शकतात, शिवाय विमा लागू न होण्याचा धोका वेगळाच. रहिवासी झाल्याची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि परीक्षेसाठी लवकर नाव नोंदवा, कारण परीक्षेच्या तारखा सहजासहजी मिळत नाहीत.

शेजारी अनुभवी माणूस असला म्हणजे पुरेसे नाही

इतर रस्त्यांवर शिकाऊ चालकाशेजारी २१ वर्षांवरील आणि किमान तीन वर्षे पूर्ण परवाना असलेली व्यक्ती बसलेली चालते. त्यामुळे नवरा बायकोला किंवा वडील मुलाला घरच्या गाडीत शिकवतात, आणि त्यात गैर काही नाही. हीच मुभा मोटरवेवरही असेल, असे गृहीत धरणे ही चूक आहे. ४ जून २०१८ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये शिकाऊ चालकांना मोटरवेवर जाता येते, परंतु केवळ अधिकृत प्रशिक्षकासोबत आणि केवळ ड्युअल कंट्रोल (प्रशिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक वगैरे) असलेल्या कारमध्येच, एल-प्लेट लावून.

प्रशिक्षकाच्या बाबतीतही एक बारकावा पाहण्यासारखा आहे. गाडीच्या समोरच्या काचेवर लावलेला बिल्ला हिरवा आणि अष्टकोनी असेल, तर प्रशिक्षक पूर्ण पात्र आहे. बिल्ला गुलाबी आणि त्रिकोणी असेल, तर तो स्वतः अजून प्रशिक्षणार्थी आहे. पैसे घेऊन शिकवण्याची त्याला मुभा असली, तरी शिकाऊ चालकाला मोटरवेवर नेण्याची नाही. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मात्र त्याच दिवसापासून एकट्याने मोटरवेवर जाता येते. तरीही पहिल्यांदा एकट्याने जाण्याआधी प्रशिक्षकासोबत मोटरवेचा एखादा धडा घ्यावाच, असे मला मनापासून वाटते.

दुचाकी : सीबीटी म्हणजे परवाना नव्हे

१२५ सीसीची मोटरसायकल ५० सीसीहून मोठी, म्हणजे मोटरवेवर चालणार, हा तर्क अर्धाच बरोबर आहे. वाहन पात्र ठरते, पण चालक ठरेलच असे नाही. सीबीटी हे मोटरसायकलचे सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आहे आणि ते दोन वर्षे टिकते. त्याच्या आधारे एल-प्लेट लावून गाडी चालवणारा प्रोव्हिजनल परवानाधारकच राहतो, आणि अशा मोटरसायकलस्वाराला मोटरवे पूर्णपणे बंद आहे. २०१८ ची सवलत फक्त कारसाठी आहे. तीच १२५ सीसीची गाडी मोटरसायकलचा पूर्ण परवाना असलेली व्यक्ती मात्र मोटरवेवर नेऊ शकते. घरोघर खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे नीट ध्यानात ठेवावे. विजेवर चालणारी सायकल ही सायकलच समजली जाते आणि भाड्याच्या ई-स्कूटरलाही मोटरवे वर्ज्य आहे.

मोठी गाडी, ट्रेलर आणि मिनीबस

वाहन आणि चालक दोघेही पात्र असले, तरी प्रत्येक लेन प्रत्येकासाठी नसते. तीन किंवा अधिक लेन असलेल्या मोटरवेवर ट्रेलर ओढणाऱ्या कोणत्याही वाहनाने सर्वांत उजव्या लेनमध्ये जायचे नाही. वेगनियंत्रक बंधनकारक असलेली ३.५ टनांवरील मालवाहने आणि चालकाखेरीज आठहून अधिक प्रवासी बसतील अशा मिनीबस यांनाही हेच लागू आहे. कारमागे ट्रेलर जोडला की वेगमर्यादाही ७० वरून ६० मैलांवर येते. घर बदलताना एका दिवसापुरता ट्रेलर भाड्याने घेणारे हे हमखास विसरतात.

ओव्हरहेड फलकावर एखाद्या लेनवर लाल फुली दिसली, तर ती लेन कोणत्याही वाहनासाठी बंद आहे; १०० पौंडांचा दंड आणि ३ पेनल्टी पॉइंट ठरलेले, आणि कॅमेरे ते टिपतात.

चुकून शिरलात तर

शिकाऊ चालक चुकीचे वळण घेऊन स्लिप रोडवर आला, तर पहिली ऊर्मी मागे घेण्याची किंवा कडेला थांबून चालक बदलण्याची होते. दोन्ही करू नका. मोटरवेवर गाडी मागे घेणे, उलट वळवणे आणि आणीबाणीखेरीज हार्ड शोल्डरवर (कडेच्या आणीबाणीच्या पट्टीवर) थांबणे यांना मनाई आहे, आणि मागून येणाऱ्या वाहनाला तुमचा गोंधळ कळण्याइतका वेळ नसतो. डाव्या लेनमध्ये, स्थिर वेगात, पुढच्या जंक्शनपर्यंत जा, तेथून बाहेर पडा आणि मग सुरक्षित जागी चालक बदला. सायकल किंवा मोपेडवर असाल, तर उतरून कठड्यापलीकडे जा आणि ९९९ ला फोन करा.

कुणाला उतरवण्यासाठी किंवा गाडीत घेण्यासाठीही मोटरवेवर अथवा स्लिप रोडवर थांबू नका. भेटायचे असेल तर सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे मोटरवेलगतच्या विश्रांतिस्थानी, भेटा. गाडी बंद पडलीच, तर डावीकडच्या दारांनी उतरून सर्वांनी कठड्यामागे उभे राहावे, पाळीव प्राणी गाडीतच ठेवावेत आणि धोक्याचा त्रिकोण मुळीच मांडू नये, कारण तो मांडण्यासाठी चालत जाणारा माणूसच त्या रस्त्यावर सर्वाधिक धोक्यात असतो. हार्ड शोल्डरच्या कडेला असलेला आणीबाणीचा दूरध्वनी विनामूल्य आहे आणि तुम्ही नेमके कुठे आहात हे त्यावरून पलीकडच्या माणसाला लगेच समजते.