सातबाऱ्यावर नावापुढे अ.पा.क. लिहिलंय, म्हणजे काय आणि ते काढायचं कसं

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या भाषेत १८ वर्षं पूर्ण न झालेला तो अज्ञान, आणि त्याच्या वतीने व्यवहार बघणारा तो पालनकर्ता. बहुतेक वेळा वडील वारले की वारस नोंद होते, त्यात लहान मुलांचीही नावं लागतात, मग मुलाच्या नावापुढे अ.पा.क. आई अमुक अमुक असं येतं. जमीन मुलाचीच, आई फक्त सांभाळणारी. हे नीट डोक्यात ठेवा कारण गावात निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात, पालनकर्ता म्हणून नाव लागलं की काही लोक स्वतःला मालकच समजायला लागतात.

आणि हो, ए.कु.मॅ. वेगळं. ते एकत्र कुटुंब मॅनेजर, त्याचा वयाशी काही संबंध नाही, दोन्हीत गल्लत करू नका.

आता पालनकर्ता कोण होऊ शकतो? हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे, त्यात नैसर्गिक पालक आधी वडील आणि नंतर आई. (१९९९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वडील हयात असले तरी ते लक्षच देत नसतील तर आई पालक म्हणून काम करू शकते.) चुलता, आजोबा, मामा हे नैसर्गिक पालक नाहीत. सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव अ.पा.क. म्हणून लागलं असेल तरी तेवढ्याने त्याला विकायचा हक्क मिळत नाही, त्याला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टाकडून नेमणूक आणावी लागते. आई जिवंत असताना चुलत्याचं नाव कशाला लावायचं हा प्रश्न तर वारस नोंदीच्या वेळीच विचारा.

विक्रीचं म्हणाल तर आईवडिलांनाही मोकळं रान नाही. मुलाच्या नावची जमीन विकणं, गहाण टाकणं, बक्षीस देणं किंवा ५ वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने देणं, याला आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते, आणि कोर्ट ती खरंच गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच देतं. परवानगीशिवाय खरेदीखत झालं तर मूल सज्ञान झाल्यावर ३ वर्षांच्या आत दावा लावून ते रद्द करून घेऊ शकतं. म्हणून जमीन घेणाऱ्यांनो, अ.पा.क. दिसलं की कोर्टाच्या ऑर्डरची नक्कल बघितल्याशिवाय इसार देऊ नका, एजंट काहीही सांगू दे. फक्त एकत्र कुटुंबातल्या न वाटलेल्या हिश्श्याची गोष्ट वेगळी आहे, तिथे कर्त्याचे अधिकार येतात, तेव्हा वकिलाला कागद दाखवाच.

शेरा काढायचं काम त्यामानाने सोपं आहे पण ते आपोआप होत नाही, १८ पूर्ण झाले तरी अर्ज करेपर्यंत तो तसाच राहतो, लोक तीस पस्तीस वर्षांचे होतात तरी सातबाऱ्यावर अज्ञानच असतात आणि मग कर्ज काढायला किंवा जमीन विकायला गेले की अडकतात. आधी चालू सातबारा काढा, ज्या फेरफाराने (म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाच्या नोंदीने) नाव लागलं त्याचा नंबर तिथे असतो, त्याचीही नक्कल घ्या. वयाचा पुरावा म्हणजे जन्म दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, सोबत आधार. मग अर्ज तलाठ्याकडे द्या नाहीतर ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन टाका, तिथे अ.पा.क. शेरा कमी करणे असा वेगळा पर्यायच आहे. अर्ज मूल सज्ञान झाल्यावर त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने करायचा.

तलाठी फेरफार धरतो, नोटीस निघते, १५ दिवस हरकतीसाठी असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. दाखल्यावरचं आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नसेल तर काम तिथेच अडतं, ते आधीच बघून घ्या. एकापेक्षा जास्त गटांत जमीन असेल तर सगळे गट अर्जात लिहा, एखादा राहिला की त्या गटासाठी परत पहिल्यापासून फेरफार.